न्यूसन्स : नुसता वैताग नव्हे

डास, रात्रभर चालणारा भोंगा, दारात गाडी लावून जाणारा इसम. ‘काय न्यूसन्स आहे!’ असं आपण सर्रास म्हणतो. पण या इंग्रजी शब्दाचं मूळ वैतागात नाही, इजेत आहे. ‘अपाय करणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे आला, आणि कायद्याने तो जुना अर्थ अजून धरून ठेवलाय. त्रास एका शेजाऱ्यापुरता असेल तर तो खाजगी उपद्रव, दाद दिवाणी न्यायालयात. सगळ्या वस्तीला झाला तर सार्वजनिक उपद्रव, म्हणजे चक्क गुन्हा : पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम २६८, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २७०.

रतलामचा १९८० चा निकाल यात मला फार मोलाचा वाटतो. तुंबलेली उघडी गटारं, मद्यार्क कारखान्याचं सांडपाणी, रस्त्यावरची घाण यांना कंटाळून रहिवाशांनी दाद मागितली. नगरपालिकेने हात वर केले : पैसाच नाही. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ही सबब साफ फेटाळली आणि मुदत घालून कामं करायला लावली.

राजकारणातली ‘न्यूसन्स व्हॅल्यू’ मात्र वेगळी. ज्याच्यात निवडून येण्याची ताकद नसली तरी दुसऱ्याला पाडण्याची असते, त्या उमेदवाराबद्दल आपली वर्तमानपत्रं ‘उपद्रवमूल्य’ हा नेमका शब्द वापरतात.