भुयाराचा खेळ : पुस्तक कोणतं आणावं?

सुट्टी लागली की चिरंजीव हट्ट धरतात, "आई, मला डंजन्स अँड ड्रॅगन्स हवंय." किंमत ऐकून आपण गप्प! त्यात राक्षस-चेटुकं आहेत म्हटल्यावर सासूबाईंची नापसंती वेगळीच. पण मैत्रिणींनो, नाही म्हणायच्या आधी थोडं ऐका.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. यात एक जण सूत्रधार. भुयाराचा नकाशा झाकून ठेवून तो विचारतो, "पुढे दगडी दार आहे, काय करता?" कुणी योद्धा, कुणी जादूगार झालेली मुलं तोंडानं उत्तर देतात. बेत साधला की फसला, ते बरेचदा फाशावर ठरतं. विक्रम-वेताळाचीच गोष्ट म्हणा ना, फक्त विक्रमानं काय करायचं ते मुलं ठरवणार.

सुरुवातीलाच जाडजूड नवी पुस्तकं घेऊ नका, ती कपाटातच राहतात. जुने नियम सुटसुटीत होते. टॉम मोल्डवे यांचं १९८१ चं पुस्तक अवघं ६४ पानांचं! ते शोधत हिंडायलाही नको. त्याच वळणाचं 'बेसिक फँटसी' इंटरनेटवर फुकट मिळतं. लागतील तेवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून काढून आणा. पैसे खर्चायचेच असतील तर गॅव्हिन नॉर्मन यांचं 'ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स' घ्या. नियम १९८१ चेच, पण फळीवर नीट लावलेल्या डब्यांसारखे. हवं ते चटकन हाती लागतं. पुस्तकं इंग्रजीत असली तरी खेळ खुशाल मराठीत खेळा.

सूत्रधार मात्र तुम्हीच व्हा. मॅट फिंच यांची २००८ ची छोटी पुस्तिका फुकट आहे, ती वाचा. नियम नसेल तिथे सूत्रधारानं आपल्या अकलेनं निवाडा द्यावा, असं ते सांगतात. दोन मुलांची भांडणं सोडवणाऱ्या बाईला हे का नवीन आहे?

फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे लागतात. नसले तर डब्यात वीस चिठ्ठ्या टाका. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत टाकून डबा हलवायचा, नाहीतर पोरं आकडे मोजून ठेवतात!

आणि नकाशा? बोरिवलीची कान्हेरी लेणी आहेत की! शंभरावर गुंफा, दगडात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याची टाकी. एका सकाळी मुलांना घेऊन जा आणि चार-पाच गुंफा चौकटीच्या वहीत उतरवून आणा. खाऊची पिशवी तेवढी माकडांपासून सांभाळा.