अटक, झडती आणि आपली राज्यघटना

गेल्या वर्षीं नागरिकशास्त्राच्या तासाला आम्ही मूलभूत हक्कांचा धडा शिकवीत होतों. धडा संपला, घंटा झाली आणि मुलें बाहेर पडूं लागलीं, तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा टेबलापाशीं येऊन उभा राहिला. चार दिवस तो शाळेंत आला नव्हता. त्याच्या वडिलांना एका रात्रीं पोलीस घरून घेऊन गेले होते. कोणत्या आरोपावरून आणि कोणत्या ठाण्यावर, हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. त्याची आई एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर हिंडत राहिली. तिसऱ्या दिवशीं वडील परत आले. त्यांच्यावर पुढें कांहींच खटला झाला नाहीं. मुलानें आम्हांला विचारलें, "सर, यांना कोठें नेतां, असें आईनें त्या रात्रीं विचारलें असतें, तर चाललें असतें का?"

हा प्रश्न ऐकून आम्हांला मोठा संकोच वाटला. तासभर आम्हीं त्याच्याकडून कलमांचे आंकडे पाठ करून घेतले होते. परंतु ज्या घटकेला ते आंकडे उपयोगीं पडावयाचे, त्या घटकेविषयीं एक शब्दही सांगितला नव्हता. ती चूक अंशतः तरी भरून निघावी, म्हणून विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांसाठीं हा लेख लिहीत आहों.

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आली. तिच्या २१ व्या कलमाचा आशय असा, कीं कायद्यानें घालून दिलेल्या पद्धतीवांचून कोणाचाही जीव किंवा शारीरिक स्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं. घटनासमितींत हें कलम मंजूर झालें, तरी पुष्कळ सभासदांचें समाधान झालें नाहीं. उद्यांच्या कायदेमंडळानें वाटेल तशी पद्धत घालून दिली तर काय करावें, अशी त्यांची शंका होती. ती शंका रास्त मानून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १५ सप्टेंबर १९४९ रोजीं एक नवें कलम सभागृहापुढें मांडलें, आणि आधींच्या कलमांत जें राहून गेलें त्याची ही भरपाई आहे, अशा अर्थाचें विवेचन केलें. त्यांतील मुख्य नियम फौजदारी कायद्यांत पूर्वींपासून होतेच. परंतु साधा कायदा साध्या बहुमतानें बदलतां येतो, म्हणून ते घटनेंत आणून बसविले. तेंच आजचें २२ वें कलम होय.

या कलमानें पोलिसांवर तीन बंधनें घातलीं आहेत. पहिलें असें, कीं ज्यास अटक करावयाची त्यास अटकेचीं कारणें शक्य तितक्या लवकर कळविलीं पाहिजेत. दुसरें असें, कीं त्यास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याची व त्याच्याकडून बचाव करविण्याची मुभा असली पाहिजे. तिसरें असें, कीं अटकेपासून चोवीस तासांच्या आंत त्यास जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे. प्रवासास लागणारा अवश्य तेवढा वेळ यांत धरावयाचा नाहीं. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावांचून त्या मुदतीपलीकडे कोणासही कोठडींत ठेवतां येत नाहीं. घटनेनें यांत रविवार किंवा सणाची सुट्टी वगळलेली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

कारणें कळविणें म्हणजे नुसता कायद्याच्या कलमाचा आंकडा सांगणें नव्हे. कोणत्या कृत्याबद्दल आपणांस धरलें आहे हें माणसाला समजलें, तरच तो वकिलाला कांहीं सांगूं शकेल. महाराष्ट्रांतूनच वर गेलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं असें ठरविलें, कीं हीं कारणें अटक झालेल्या मनुष्यास समजेल अशा भाषेंत लेखी दिलीं पाहिजेत. जागच्या जागीं लिहून देणें शक्य नसेल तर तोंडीं सांगावें. परंतु मॅजिस्ट्रेटपुढें नेण्यापूर्वीं निदान दोन तास अगोदर तीं लेखी त्याच्या हातीं पडलीं पाहिजेत.

येथें एक अपवादही प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. गुन्हा घडण्यापूर्वींच, तो घडूं नये म्हणून जी स्थानबद्धता केली जाते, तिला वरील तीन नियम लागू होत नाहींत. तिच्यासाठीं याच कलमांत निराळी व्यवस्था आहे: कारणें कळवावीं लागतात, अर्ज करण्याची संधी द्यावी लागते, आणि तीन महिन्यांपलीकडे ठेवावयाचें तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय घ्यावा लागतो. हें संरक्षण सामान्य अटकेच्या मानानें उणें आहे, आणि त्यावर घटनासमितींतही कडक टीका झाली होती.

२२ व्या कलमाच्या जोडीला २० वें कलम आहे. कोणत्याही आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ति करतां येणार नाहीं, असा त्यांत नियम आहे. मारून किंवा धाक दाखवून कबुली घेण्याचा मोहच उरूं नये, म्हणून पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरला जात नाहीं. हा नियम इंग्रजी अमदानींतल्या पुराव्याच्या कायद्यांत होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही तो कायम आहे.

नियम कागदावर असले तरी कोठडीच्या भिंतीआड काय चालतें, हें बाहेरून दिसत नाहीं. १९८६ सालीं पश्चिम बंगालमधील एका विधिसाहाय्य संस्थेचे पदाधिकारी डी. के. बसू यांनीं कोठडींतील मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांस पत्र लिहिलें. न्यायालयानें त्या पत्रालाच अर्ज मानलें, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजीं निकाल देऊन अकरा नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसांच्या अंगावर नांव व हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी असावी. अटकेच्या वेळींच तारीख व वेळ घालून एक टिपण तयार करावें. त्यावर घरांतील कोणाची किंवा त्या वस्तींतील एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष घ्यावी आणि अटक झालेल्याची सही घ्यावी. त्याच्या नातेवाइकास किंवा स्नेह्यास अटकेची व ठिकाणाची खबर द्यावी, आणि ती कोणास दिली हें ठाण्याच्या डायरींत नोंदवावें. त्यानें मागणी केल्यास अंगावरील लहानमोठ्या जखमांची नोंद करावी, आणि कोठडींत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनीं वैद्यकीय तपासणी करवावी. टिपणाची प्रत मॅजिस्ट्रेटकडे जावी. यांतील बरेचसे नियम आतां भारतीय नागरिक सुरक्षा संहितेंत आलेले आहेत. ही संहिताही १ जुलै २०२४ पासूनच चालू झाली.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर यांत आलेंच. त्याच्या आईनें विचारलें असतें तर चाललें असतें. किंबहुना तिनें न विचारतांच तें तिला सांगणें हें येणाऱ्या अधिकाऱ्याचें कर्तव्य होतें.

स्त्रियांसाठीं कायद्यानें आणखी काळजी घेतली आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं स्त्रीस अटक करतां येत नाहीं. तसाच विलक्षण प्रसंग असेल तर स्त्री-अधिकाऱ्यानें लेखी अहवाल देऊन मॅजिस्ट्रेटची परवानगी आधीं मिळवावी लागते. मुंबईच्या कोठड्यांतील स्त्री-कैद्यांची दुर्दशा पत्रकार शीला बर्से यांनीं पत्रानें कळविल्यावरून १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रासाठीं जे हुकूम केले, त्यांत स्त्रियांकरितां निराळ्या कोठड्या, त्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा, आणि अटक होतांच विधिसाहाय्य समितीस खबर, या गोष्टी होत्या. अठरा वर्षांखालील मुलामुलींना तर पोलिसांच्या कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवतांच येत नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें त्यांना बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करून चोवीस तासांत बालन्याय मंडळापुढें न्यावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, हा नियम तुमच्यासाठीं आहे.

प्रत्येक गुन्ह्यांत अटक झालीच पाहिजे असेंही नाहीं. ज्या गुन्ह्यास सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, त्यांत अटकेची गरज काय, हें अधिकाऱ्यानें लिहून ठेविलें पाहिजे. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस पुरे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अर्नेशकुमार खटल्यांत बजाविलें. मात्र अशी नोटीस आल्यास ती पाळणें हें आपलें कर्तव्य आहे. ती मोडली तर अटकेला कारण मिळतें.

आतां झडतीविषयीं. अमेरिकेच्या घटनेंत अयोग्य झडतीविरुद्ध स्पष्ट हमी आहे. तशीच हमी आपल्या घटनेंत असावी, अशी सूचना काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं डिसेंबर १९४८ मध्यें आणली होती, आणि डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारण्याची तयारीही दर्शविली होती. तथापि सभागृहानें ती अखेर मान्य केली नाहीं. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनीं याच उणिवेवर बोट ठेवून, झडतीच्या बाबतींत खासगीपणाचा मूलभूत हक्क आपल्या घटनेंत नाहीं, असें म्हटलें. परंतु विचार तेथेंच थांबला नाहीं. उत्तर प्रदेशांतील खरकसिंग यांच्या दारावर पोलीस पाळतीच्या नांवाखालीं रात्रीं-अपरात्रीं थाप मारीत. रात्रींच्या त्या गृहभेटींचा नियम न्यायालयानें १९६२ सालीं रद्द केला. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें ठरविलें, कीं खासगीपणा हा २१ व्या कलमांतील स्वातंत्र्याचाच भाग आहे. १९५४ चें विरुद्ध मत त्याबरोबर मागें पडलें. आमच्या एका आयुष्यांत घटनेचा अर्थ असा वाढतांना आम्हीं पाहिला आहे.

प्रत्यक्ष झडतीचे नियम सोपे आहेत. सामान्यतः मॅजिस्ट्रेटचें वॉरंट लागतें. तपासाला अवश्य असलेली वस्तु विलंबानें हातची जाईल अशी सकारण खात्री असेल, तर तपासी अधिकारी वॉरंटाशिवाय झडती घेऊं शकतो. परंतु त्यानें आपलीं कारणें आधीं लिहून काढलीं पाहिजेत, आणि त्या लेखाची प्रत अठ्ठेचाळीस तासांत मॅजिस्ट्रेटकडे धाडली पाहिजे. झडतीपूर्वीं त्या वस्तींतील निदान दोन निःपक्षपाती व प्रतिष्ठित माणसांना पंच म्हणून बोलवावें लागतें. जी जी वस्तु जप्त होईल ती कोठें सांपडली हें लिहून यादी करावी लागते, आणि पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात. हाच आपल्या ओळखीचा पंचनामा. घरमालकास सर्व वेळ हजर राहूं दिलें पाहिजे, आणि सह्या झालेली यादीची प्रत त्याला दिली पाहिजे. स्त्रीच्या अंगाची झडती स्त्रीनेंच, मर्यादा राखून घ्यावयाची. नव्या संहितेनें झडतीचें व जप्तीचें ध्वनिचित्रमुद्रणही आवश्यक केलें आहे.

हे नियम मोडले गेले तर? पहिली दाद मॅजिस्ट्रेटपुढेंच मागावी. मारहाण झाली असेल, कारणें कळविलीं नसतील, चोवीस तास उलटले असतील, तर तें तेथेंच स्पष्ट सांगावें. माणूस कोठें आहे हेंच कळत नसेल, तर २२६ व्या कलमानें उच्च न्यायालयाकडे किंवा ३२ व्या कलमानें सर्वोच्च न्यायालयाकडे त्याला हजर करण्याचा हुकूम मागतां येतो. बिहारमधील रुदल साह निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षें तुरुंगांत खितपत पडले होते. १९८३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्यासाठीं सरकारकडून नुकसानभरपाई देवविली. वकिलाला पैसे नाहींत म्हणून कोणी गप्प बसण्याचें कारण नाहीं. ३९-अ कलमाप्रमाणें मोफत विधिसाहाय्याची सोय असून १५१०० या दूरध्वनीवर ती मागतां येते.

कित्येक पालक म्हणतील, "चोरदरोडेखोरांसाठीं एवढे सोपस्कार कशाला?" यावर आमचें उत्तर असें, कीं ज्या घटकेला अटक होते त्या घटकेला कोण चोर आणि कोण साव हें अजून ठरलेलेंच नसतें, तें न्यायालयानें ठरवावयाचें असतें. त्या मुलाचे वडील साव होते. शिवाय हे नियम प्रामाणिक पोलिसाचीही ढाल आहेत. पंचांसमक्ष झडती झाली असेल, तर वस्तु तुम्हींच आणून ठेविली, असा आळ त्याच्यावर सहसा येत नाहीं. आपल्या शाळेंत पोलिसांचींही मुलें शिकतात, आणि त्यांच्या वडिलांचें काम किती कष्टाचें आहे हें आम्ही जाणतों.

म्हणून दारावर थाप पडली तर धक्काबुक्की करूं नये, पळूं नये, खोटें बोलूं नये. नम्रपणें नांव व ठाणें विचारावें, कारण विचारावें, कागद पाहण्यास मागावा, तो वाचल्याशिवाय सही करूं नये, आणि वेळ लिहून ठेवावी. घरांतील वडीलधारीं माणसें घाबरलेलीं असतील, तर हें काम मोठ्या मुलामुलींनीं करावें. लिहितां वाचतां येण्याचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाहीं.

तो मुलगा यंदा शालान्त परीक्षेला बसला आहे. २२ व्या कलमावरील प्रश्न त्याच्या पत्रिकेंत येवो वा न येवो. तें कलम एका मोठ्या कागदावर लिहून त्यानें घरच्या दाराच्या आंतल्या बाजूस लावलें आहे, आणि त्याच्या आईनें तें त्याच्याकडून दोनदां वाचून घेतलें आहे, असें त्यानें आम्हांला सांगितलें.