चॉकलेटच्या आड बीट

ब्राउनी हा केक आणि चॉकलेटची वडी यांच्या मधला पदार्थ असून तो चौकोनी भांड्यात बेताच्या जाडीच्या थरात भाजला जातो, आणि वरचा पापुद्रा चकचकीत व कुरकुरीत, आतला भाग मात्र दाट आणि ओलसर असावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. हा ओलसरपणा साधण्यासाठी सामान्यतः लोणी आणि साखर यांचे प्रमाण वाढवले जाते. परंतु त्याच कामासाठी उकडून वाटलेली किंवा किसलेली भाजी वापरण्याची पद्धतही आता अनेक देशांच्या घरगुती स्वयंपाकात रुळली आहे. बीट, गाजर, लाल भोपळा, झुकिनी यांपैकी एखादी भाजी मिश्रणात मिसळली जाते आणि चॉकलेटच्या गडद रंगामुळे व तीव्र चवीमुळे ती खाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. या पद्धतीकडे बहुधा मुलांना भाजी खाऊ घालण्याची युक्ती म्हणून पाहिले जाते. भाजीचे खरे काम मात्र ब्राउनीचा पोत घडवण्याचे आहे, आणि ते समजून घेतले की कोणती भाजी किती प्रमाणात घ्यावी हे जसे ठरवता येते, तसेच तिच्याकडून आरोग्याच्या कोणत्या अपेक्षा ठेवू नयेत हेही स्पष्ट होते.

अमेरिकेतला पदार्थ, टंचाईतली युक्ती

ब्राउनीचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकेत आहे. १८९३ मध्ये शिकागो शहरात जे जागतिक प्रदर्शन भरले, आणि ज्याच्या निमित्ताने झालेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले, त्या प्रदर्शनाशी ब्राउनीची एक प्रसिद्ध कथा जोडलेली आहे. तेथील पामर हाउस हॉटेलच्या मालकाच्या पत्नी बर्था पामर यांनी, स्त्रियांना डब्यातून सहज नेता येईल असा केकपेक्षा लहान गोड पदार्थ हॉटेलच्या आचाऱ्यांकडून करवून घेतला, असे ती कथा सांगते. छापील पाककृतींचा माग अधिक ठाम आहे. फॅनी फार्मर यांच्या बॉस्टनमधील पाकशाळेच्या ग्रंथात १८९६ साली ब्राउनी हे नाव आढळते, पण ते उसाच्या काकवीसारख्या गडद पाकापासून केलेल्या छोट्या केकना दिलेले आहे. चॉकलेटची ब्राउनी त्याच ग्रंथाच्या १९०६ च्या आवृत्तीत येते.

गोड पदार्थात भाजी घालण्याची रीत याहून जुनी आहे आणि तिच्यामागे अनेकदा साखरेची टंचाई होती. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातही, जानेवारी १९४० पासून, ब्रिटनमध्ये साखर आणि लोणी शिधापत्रिकेवर मिळू लागले, तेव्हा तेथील अन्न मंत्रालयाने पुडिंग आणि केकमध्ये गाजर व बटाटा वापरण्याचा जोरदार प्रचार केला. साखरेवरील नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्ये उठेपर्यंत एक संपूर्ण पिढी अशा पाककृतींवर वाढली. त्या काळी भाजी लपवण्याचा हेतू नव्हता, कारण ती का घातली आहे हे सर्वांनाच ठाऊक होते. लपवण्याचा विचार समृद्धीच्या काळात, मुले भाजी खात नाहीत या चिंतेतून पुढे आला. २००७ साली अमेरिकेत मिस्सी चेस लॅपीन यांचे ‘द स्नीकी शेफ’ आणि जेसिका साइनफेल्ड यांचे ‘डिसेप्टिव्हली डिलिशस’ ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. दोन्हींत मुलांच्या आवडत्या पदार्थांत भाज्यांचा लगदा मिसळण्याच्या कृती होत्या आणि दोन्हींत पालक घातलेल्या ब्राउनीचाही समावेश होता.

ओलावा कसा टिकतो

ब्राउनी भाजताना एकाच वेळी अनेक क्रिया घडतात. मैद्यातील स्टार्चचे, म्हणजे पिष्टाचे, कण उष्णतेने पाणी शोषून फुगतात. अंड्यातील प्रथिने घट्ट होऊन मिश्रणाला आकार देतात. साखर पाण्याला धरून ठेवते आणि लोण्यातील स्निग्धांश मैद्याच्या प्रथिनांवर थर चढवून त्यांपासून ग्लूटेनचे, म्हणजे पोळीच्या कणकेला ताण देणाऱ्या चिवट जाळ्याचे, बनणे रोखतो. भाजून झाल्यावर ब्राउनी कोरडी वाटू लागते त्याची कारणे दोन असतात. एक म्हणजे पाण्याची वाफ होऊन ते निघून जाते. दुसरे म्हणजे थंड झाल्यावर स्टार्चच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटून कडक होतात, आणि ही दुसरी क्रिया फ्रिजच्या तापमानात अधिक वेगाने होते.

भाजीचा उपयोग येथे होतो. मिश्रणात नुसते पाणी वाढवले तर ते मैद्याला मिळून ग्लूटेन वाढवते आणि उरलेले ओव्हनमध्ये उडून जाते. भाजीतील पाणी मात्र सेल्युलोज आणि पेक्टिन या तंतुमय घटकांत अडकलेले असते. पेक्टिन म्हणजे वनस्पतींच्या पेशींना एकत्र बांधणारा तोच पदार्थ, ज्याच्यामुळे पेरूची जेली घट्ट होते. या तंतूंमुळे पाणी हळूहळू सुटते, मैद्याचे प्रमाण तुलनेने कमी राहते आणि तुकडा दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. या गुणाला मर्यादाही आहे. भाजी अंड्यासारखी घट्ट होत नाही, त्यामुळे तिचे प्रमाण फार वाढले तर ब्राउनी कितीही वेळ भाजली तरी आतून लगद्यासारखी राहते. तसेच लोण्याची संपूर्ण जागा भाजीने घेतली तर ग्लूटेनला रोखणारे काही उरत नाही आणि पोत रबरासारखा होतो. शिवाय चॉकलेटचा सुगंध आणि तोंडात विरघळण्याचा गुण स्निग्धांशावरच अवलंबून असतो. लोण्याचा तिसरा हिस्सा कमी करून त्या जागी भाजी घेणे, ही तडजोड बहुतेक वेळा यशस्वी ठरते.

भाजीची निवड

या कामासाठी बीट विशेष अनुकूल आहे. त्यात सुमारे ८८ टक्के पाणी, १०० ग्रॅममागे सुमारे ७ ग्रॅम नैसर्गिक साखर आणि जवळपास ३ ग्रॅम तंतुमय घटक असतात. त्याचा लाल-जांभळा रंग बेटालेन या वर्गातील रंगद्रव्यांमुळे येतो; ही द्रव्ये उष्णतेने आणि सोड्याच्या अल्कधर्मी परिणामाने विघटित होतात, म्हणून फिक्या केकमध्ये बीट भाजल्यावर मळकट दिसते, तर कोकोच्या गडद तपकिरी रंगात हा दोष झाकला जातो. बीटचा मातकट वास जिओस्मिन नावाच्या संयुगामुळे येतो, आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणाऱ्या गंधातही हेच संयुग असते. ते सालीत अधिक असते व आम्लाने कमी होते, म्हणून बीट सोलून लगद्यात चमचाभर लिंबाचा रस घातला की वास उतरतो. जो थोडा उरतो तो कोकोच्या भाजक्या, कडवट चवीशी जुळून जातो.

गाजरातही पाण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच असते, पण त्याचे किसलेले धागे भाजल्यावर दिसतात, त्यामुळे ते उकडून वाटणे बरे. लाल भोपळ्याची चव सौम्य आणि लगदा मऊ असतो. मात्र त्यात पाणी अधिक असल्याने तो कढईत परतून घट्ट करावा लागतो. झुकिनी आणि दुधी भोपळा यांत सुमारे ९५ टक्के पाणी असते, म्हणून ते कच्चे किसून, घट्ट पिळून मगच वापरावे लागतात. पालकाला पानांचा स्वतःचा वास असतो आणि पोत घडवण्यात त्याचा वाटा कमी असतो, त्यामुळे ओलसर ब्राउनीच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता बेताची आहे.

भाजीतील पाण्यावर गोड पदार्थ शिजवण्याचे हे तत्त्व मराठी स्वयंपाकघराला नवे नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या अखेरीस मिळणारी मोठी काकडी, म्हणजे तवसे, किसून त्याच्या सुटलेल्या पाण्यात रवा आणि गूळ भिजवून धोंडस किंवा तवसळी केली जाते, आणि पूर्वी भांड्याच्या झाकणावरही निखारे ठेवून ती वरून-खालून भाजली जात असे. लाल भोपळ्याच्या घाऱ्यांतही कीस गुळाबरोबर शिजवून त्यात मावेल तेवढीच कणीक घालतात, वरून पाणी घालत नाहीत. भाजीचा ओलावा आणि पिठाची तहान यांचा मेळ घालण्याचे जे कसब या पदार्थांना लागते, तेच ब्राउनीला लागते.

कृती

२० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी मध्यम आकाराची दोन बीट, १५० ग्रॅम गडद चॉकलेट, १०० ग्रॅम लोणी, १७० ग्रॅम साखर, ३ अंडी, ९० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम साखरविरहित कोको, पाव चमचा मीठ आणि एक चमचा व्हॅनिला इसेन्स लागतो. बीट न सोलता, देठाचा थोडा भाग ठेवून, कुकरमध्ये पाणी लागणार नाही अशा भांड्यात चार-पाच शिट्ट्या होईपर्यंत वाफवावे. सोललेल्या किंवा चिरलेल्या बीटचा रस आणि गोडी पाण्यात उतरते. गार झाल्यावर साल काढून, पाणी न घालता मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटावे आणि त्यातला २०० ग्रॅम लगदा मोजून घ्यावा. चमच्यातून तो ओघळत असेल तर कढईत काही मिनिटे परतून गार करावा.

गरम पाण्याच्या पातेल्यावर दुसरे भांडे ठेवून त्यात चॉकलेट आणि लोणी वितळवावे, आणि पाण्याचा थेंबही चॉकलेटमध्ये जाऊ देऊ नये, कारण थोड्याशा पाण्याने वितळलेले चॉकलेट एकदम गुठळते. अंडी आणि साखर चार-पाच मिनिटे घोटून फिकी व फुगीर करावीत. या विरघळलेल्या साखरेच्या फेसामुळेच वरचा चकचकीत पापुद्रा तयार होतो. त्यात कोमट चॉकलेट, मग बीटचा लगदा आणि व्हॅनिला मिसळावे, आणि शेवटी मैदा, कोको व मीठ एकत्र चाळून हलक्या हाताने घालावे. पीठ दिसेनासे होताच ढवळणे थांबवावे, कारण त्यापुढचे प्रत्येक ढवळणे ग्लूटेन वाढवते. बटर पेपर लावलेल्या भांड्यात मिश्रण ओतून, आधीच १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या ओव्हनमध्ये २८ ते ३२ मिनिटे भाजावे. कडा घट्ट झालेल्या असाव्यात आणि मध्यभागी घातलेल्या काडीला काही ओलसर कण चिकटावेत. काडी पूर्ण कोरडी निघाली तर ब्राउनी अधिक भाजली गेली असे समजावे. ती पूर्ण गार होईपर्यंत कापू नये, कारण लोणी आणि चॉकलेट गोठल्यावरच तिला खरा पोत येतो.

अंडी न वापरणाऱ्या घरांत त्यांच्या जागी १२० ग्रॅम दही आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घेता येतो, पण मिश्रण घट्ट करणारे प्रथिन कमी झाल्यामुळे मैदा थोडा वाढवावा लागतो, आणि पोत केकच्या जवळ जातो. भाजीमुळे ही ब्राउनी साध्या ब्राउनीपेक्षा लवकर खराब होते. उन्हाळ्यात ती एका दिवसाहून अधिक बाहेर ठेवू नये. फ्रिजमधून काढलेला तुकडा खाण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

लपवण्याची मर्यादा

या प्रमाणाचे १६ तुकडे केले, तर एका तुकड्यात सुमारे १२ ग्रॅम बीट येते आणि त्यातून मिळणारे तंतुमय घटक अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस करते, तेव्हा ब्राउनीतील भाजीला ताटातील भाजीचा पर्याय मानता येत नाही. त्याच तुकड्यात वरून घातलेली साखर मात्र सुमारे ११ ग्रॅम असते आणि चॉकलेटमधील साखर वेगळीच. लोणी काहीसे कमी होते आणि चव तशीच राहते, हा लाभ खरा आहे. पण ब्राउनी गोड खाऊच राहते.

भाजी मिसळण्याचा परिणाम रोजच्या जेवणात अधिक दिसतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, पास्त्यासारख्या नेहमीच्या पदार्थांत भाज्यांचा लगदा मिसळल्यावर लहान मुलांनी आणि प्रौढांनीही दिवसभरात अधिक भाजी व कमी उष्मांक घेतल्याचे आढळले. त्याच वेळी, नावडती भाजी थोडी थोडी, अनेकदा चाखायला मिळाली की मूल तिला स्वीकारू लागते, हेही बालआहाराच्या संशोधनातून वारंवार दिसून आले आहे. जी भाजी आपण खात आहोत हे मुलाला माहीतच नाही, तिच्याशी त्याची ओळख होण्याची शक्यता राहत नाही.

पाहुण्यांच्या बाबतीत न सांगणे अधिक गंभीर ठरते. जैन कुटुंबांत बीट, गाजर, रताळे यांसारखी जमिनीखाली वाढणारी मुळे व कंद वर्ज्य असतात. त्यांच्यासाठी अंडी टाळून लाल भोपळा किंवा दुधी वापरणे हाच मार्ग आहे. ज्यांना मूतखड्याच्या त्रासामुळे ऑक्सलेटयुक्त अन्न कमी खाण्याचा वैद्यकीय सल्ला मिळालेला असतो, त्यांच्यासाठी बीट आणि कोको हे दोन्ही ऑक्सलेटने समृद्ध पदार्थ आहेत. जिभेला न जाणवणारा घटक शरीराच्या आणि श्रद्धेच्या दृष्टीने नगण्य असतोच असे नाही, आणि खाणाऱ्याला त्याची माहिती असणे हा त्याचा हक्क आहे.

म्हणून चांगल्या ब्राउनीत भाजी चवीपुरती लपावी, नावातून लपू नये. गाजर हलवा आणि दुधी हलवा आपल्या भाजीचे नाव उघडपणे मिरवतात आणि त्यामुळे कोणाला कमी गोड लागत नाहीत. बीटच्या ब्राउनीलाही तोच मान देता येतो. मुलाला बीट किसायला किंवा लगदा मोजायला सोबत घेतले, आणि त्याच आठवड्यात ताटात बीटची कोशिंबीर वाढली, तर ब्राउनीने भाजीची जागा घेतलेली नसते, तिच्याकडे जाणारा एक रस्ता खुला केलेला असतो.