आयर्विन पुलावरचे फूट

पावसाळ्यात सांगलीत कुणीही भेटलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आयर्विनला किती फूट?’ सांगलीवाडी आणि सांगली यांना जोडणारा कृष्णेवरचा हा दगडी कमानींचा पूल. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत तो उभा राहिला आणि १९२९ मध्ये तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला मिळालं. आज मात्र त्याची खरी ओळख आहे ती पाण्याची पातळी सांगणारा पूल म्हणून.

इथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांवर गेलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ते साडेसत्तावन्नच्या आसपास पोचलं. २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. कोयना धरणाचा विसर्ग वरून येतो. खाली हरिपूरच्या संगमावर वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही आणि फुगवटा शहरात शिरतो. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का, यावरून वाद रंगतो. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने मात्र बोट ठेवलं ते अतिवृष्टीवर आणि नदीपात्रालगतच्या अतिक्रमणांवर.

ही अतिक्रमणं करतं कोण आणि बुडतं कोण, हा खरा प्रश्न. सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत पाणी तिशीच्या पुढेच दारात येतं. म्हणजे शहराला इशारा मिळण्याआधीच तिथलं बिऱ्हाड शाळेच्या खोलीत गेलेलं असतं. बाजारपेठेचा पूर बातमी होतो, तर या वस्तीचा पूर नेहमीचाच धरला जातो.

नुकसानीचं मोजमाप पाणी उतरल्यावर, पंचनाम्याने होतं. २०१९ मध्ये सानुग्रह अनुदान ग्रामीण कुटुंबाला १० हजार आणि शहरी कुटुंबाला १५ हजार रुपये होतं. मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असण्याची अट घातली गेली, तेव्हा संताप उसळला. भिजलेली शिलाई मशीन, बुडालेला हातगाडा, कामाविना गेलेले पंधरा दिवस पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचे? भाडेकरूच्या नावावर तर घरही नसतं.

उशिरा बाहेर पडण्याची किंमत ब्रह्मनाळने मोजली. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या या गावात पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला.

निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आहेत, पण त्यांच्या आत बांधकाम परवानगी रोखणं एवढ्यावर काम संपत नाही. आयर्विनच्या प्रत्येक फुटाला घरांची यादी जोडायला हवी. तीस फुटांना कोण निघणार, त्यात अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, जनावरं कुठे बांधायची आणि भाडेकरूंची नावं कुठे नोंदवायची, हे सगळं मे महिन्यातच वॉर्डात बसून ठरलं पाहिजे. चाळीस फुटांचा इशारा व्यापाऱ्याला माल हलवायला पुरतो. सूर्यवंशी प्लॉटला स्वतःची इशारा पातळी लागते.