ठेक्याचा हिशोब – ९ : १०५ ची हलगी, १४५ चा ट्रान्स

आज ‘आमेन ब्रेक’ या ड्रमच्या तुकड्यावर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण उदगीरच्या एका वाचकांनी गेल्या लेखावर असा प्रश्न पाठवला की तो ओलांडून पुढे जाववेना. ते लिहितात : ‘हाऊस १२० ते १३०, ट्रान्स १३० ते १४५, ड्रम अँड बेस १७० च्या पुढे, अशी तुम्ही शिडीच लावलीत. वाचून वाटतं की वेग वाढला की जोर वाढणार. मग १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठेंच्या जयंतीच्या मिरवणुकीत हलगी मिक्स लागलं की सगळी गल्ली हवेत असते, आणि मोबाईलवरचं ॲप बीपीएम दाखवतं १०५. तोच डीजे मध्येच १४५ चा गोव्याचा ट्रान्स लावतो, तेव्हा पोरं मोबाईल काढून नुसती उभी राहतात. हे कसं काय?’

हा प्रश्न आपल्याकडचाच माणूस विचारणार. युरोपातल्या क्लबात एका रात्री बहुधा एकाच प्रकारचं संगीत वाजतं. ज्याला टेक्नो हवा तो टेक्नोच्या जागी जातो. नांदेड-लातूरकडे १४ एप्रिल असो, १ ऑगस्ट असो की अनंत चतुर्दशी, एकाच गाडीवरून तासाभरात हलगी, संबळ, नाशिक ढोल, हाऊसची किक आणि ट्रान्स असं सगळं वाजून जातं. गर्दी तीच, रस्ता तोच, बदलतो फक्त ठेका. वेग आणि जोर यांचं नातं तपासायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आधी त्या १०५ बीपीएमकडे, म्हणजे मिनिटाला १०५ ठोक्यांकडे पाहू. ॲप मोजतं ते मोठे ठोके. हलगीच्या चालीत प्रत्येक मोठ्या ठोक्याचे तीन भाग पडतात, त्यामुळे मिनिटाला १०५ ठोके म्हणजे प्रत्यक्षात ३१५ आघातांच्या जागा. म्हणूनच अशा गाण्यावर ॲप अनेकदा गोंधळतात. एक १०५ सांगतं, दुसरं १५७. तिनाच्या चालीत दोन-दोन भागांचा एक ठोका धरला की आकडा दीडपट होतो. डबस्टेपचंही असंच : कागदावर १४०, पण स्नेअर इतका लांब-लांब पडतो की पाय ७० वरच चालतात. एकट्या आकड्यावरून जोराचा अंदाज बांधता येत नाही, ही झाली पहिली गोष्ट.

पण नुसत्या आघातांच्या संख्येवर जायचं तर ट्रान्स जिंकायला हवा. गोव्याकडून आलेल्या सायट्रान्समध्ये एका ठोक्याचे चार भाग असतात. पहिल्यावर किक, पुढच्या तिन्हींवर बेस. १४५ गुणिले ४, म्हणजे मिनिटाला ५८० आघात. हलगीच्या जवळजवळ दुप्पट. तरी गल्ली हलत नाही.

इथे हलगी जवळ जाऊन ऐकावी लागते. मिरवणूक निघायच्या आधी वादक कोपऱ्यात कागद-पाचोळा पेटवून त्यावर हलगी शेकतात. कातडं तापून ताणलं की तिचा आवाज टणक होतो. गार पडली की पुन्हा जाळ. मग एका हातातलं जाड टिपरू मधोमध पडतं आणि दुसऱ्या हातातली बारीक, लवचीक काडी कडेला चटचटते. तीन भागांपैकी एक भारी, एक हलका, आणि एक बऱ्याचदा रिकामा. त्या रिकाम्या जागेत पाय पडतो. नाचणारा तिथे आपल्या अंगाने आघात भरतो, आणि माझ्या मते जोराचा मोठा वाटा याच जागेत आहे. सायट्रान्सचे तीन बेस मात्र सारख्या लांबीचे आणि सारख्या वजनाचे. ते तसे मुद्दाम केलेले असतात, कारण ते संगीत माणसाला तासन् तास एका तंद्रीत ठेवण्यासाठी आहे. त्यात उसळी शोधणं हा त्या संगीतावर अन्याय आहे.

आता उडीचा हिशोब. मिरवणुकीत लोक नाचतात कमी आणि उड्या मारतात जास्त, म्हणून हा हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो. समजा प्रत्येक ठोक्याला एक उडी मारायची आहे आणि ठोक्याच्या वेळातला ६० टक्के वेळ आपण हवेत आहोत. शाळेतलं गुरुत्वाकर्षणाचं सूत्र लावलं तर १०५ बीपीएमला उडी जाते सुमारे १४ सेंटिमीटर. १४५ ला ती उरते साडेसात. १७५ ला जेमतेम ५. उंची वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून वेग दुप्पट व्हायच्या बऱ्याच आधी उडी निम्मी होते. १४ सेंटिमीटरच्या उडीत हात वर जातात, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकता येतो, पाय दणकन जमिनीवर आदळतात. साडेसात सेंटिमीटरमध्ये माणूस जागच्या जागी थरथरतो. ड्रम अँड बेसवर नाचणारेही १७५ ला उड्या मारत बसत नाहीत. त्याच्या निम्म्या, ८७ च्या चालीवर अंग टाकतात.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पॉल फ्रेस यांनी माणसाच्या नैसर्गिक लयीचा बराच अभ्यास केला. कुणालाही मनाजोगता ठेका बोटाने वाजवायला सांगितला तर दोन ठोक्यांतलं अंतर माणसागणिक पुष्कळ बदलतं, पण साधारण ६०० मिलिसेकंदांच्या आसपास घोटाळतं, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे मिनिटाला १००. कवायतीतलं ‘तेज चल’ १२० पावलांचं. १०५ ची हलगी या दोन आकड्यांच्या मधे, शरीराच्या अगदी ओळखीच्या जागी बसते.

जागेचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यात आवडतो. लातूरच्या गंजगोलाईत उभे राहा. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल बाजारपेठ, तिथून फुटणारे १६ रस्ते. अशा ठिकाणी आवाज समोरच्या इमारतीवर आदळून परत येतो. भिंत ४० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० मीटर, आणि आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे प्रतिध्वनी सुमारे ०.२३ सेकंदाने कानावर येतो. १२८ च्या हाऊसमध्ये दोन किकमधल्या वेळाचा निम्मा भाग बरोबर तेवढाच आहे. तिथे भिंतच ठेका भरते आणि गाणं जास्त दणकट लागतं. १४५ च्या सायट्रान्समध्ये मात्र बेसचे आघात दर ०.१ सेकंदाला येतात. पहिल्याचा प्रतिध्वनी परत येईपर्यंत पुढचे दोन होऊन गेलेले असतात, आणि गाडीवरच्या १८ इंची बेसमधून नुसती गुरगुर ऐकू येते. हे संगीत वाढलं ते अंजुना-वागातोरच्या किनाऱ्यावर. तिथे समोर समुद्र. आवाज परत पाठवायला भिंत नाही. तोच ट्रान्स उदगीरच्या अरुंद गल्लीत लावला तर पोरं उभी राहणारच. हलगीचा आवाज मुळातच वरच्या पट्टीचा आणि तुटक, त्यामुळे तो गल्लीतही स्वच्छ राहतो.

वेग कमी करून जोर वाढल्याचं एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००९ साली वॉशिंग्टनचे डीजे डेव्ह नाडा आपल्या चुलतभावंडाच्या शाळकरी पार्टीत वाजवत होते. पोरांना हवा होता रेगेटॉन आणि बचाता. त्यांच्या संगीताशी नाडांच्या डच हाऊसचा काही मेळ बसेना. नाडांनी ‘मूम्बा’ या गाण्याचं अफ्रोजॅकने केलेलं रिमिक्स १२८ च्या आसपासवरून सरळ १०८ वर आणलं. जुन्या टर्नटेबलवरची वेगाची पट्टी वर-खाली ८ टक्केच सरकते. हे तर जवळपास १६ टक्के उतरणं झालं. आवाज जड झाले, मधल्या जागा मोकळ्या झाल्या आणि पोरं पेटली. त्यातून मूम्बाटॉन नावाचा प्रकारच जन्माला आला. १०८ आणि आपली १०५ ची हलगी, दोघी किती जवळ आहेत ते पाहा.

दुसऱ्या टोकाला मोबीचं १९९३ चं ‘थाउजंड’ आहे. ते हजार बीपीएमच्या वर जातं आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. पण सेकंदाला वीसच्या आसपास आघात झाले की कान ते ठोके म्हणून धरतच नाही, त्यांचा एक घोगरा सूर होऊ लागतो. तिथे नाच संपतो.

मग वेगाचा जोराशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि फार घट्ट आहे. पण तो संबंध वेग किती आहे यापेक्षा वेग कसा बदलतो याच्याशी जास्त आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लावणी पाहिलेल्यांना हे सांगायला नको. ढोलकी सुरुवातीला सावकाश बोलते, मग लय चढत जाते, आणि शेवटच्या तोड्याला फड डोक्यावर घेतला जातो. तोच शेवटचा तोडा पहिल्या मिनिटाला वाजवला असता तर कुणी शिट्टीही मारली नसती. औसा येथील नाथ संस्थानाच्या चक्रीभजनात भजनी मंडळी गात-वाजवत फेर धरतात. दिंडीतल्या पावलीतही हेच, मृदंग आधी पायांना धरतो आणि मग ओढून नेतो. चढण अंगाने चढलेली असते, म्हणून वरचा वेग पेलतो.

डीजेची अडचण अशी की त्याचं गाणं संगणकातल्या चौकटीत बसवलेलं असतं. १२८ म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत १२८. मग चढण आणायची कुठून? बिल्डअपमधून. ड्रॉपच्या आधी स्नेअर नीट ऐका. आधी ठोक्याला एक, मग दोन, मग चार, मग आठ. तबला शिकलेल्याला हे लगेच ओळखू येईल : ही दुगुन, चौगुन आणि पुढची आठगुन आहे. लय जागची हलली नाही, पण अंगाला वाटतं की गाडी सुटली. त्यानंतर क्षणभर सगळं बंद, आणि मग किक. ड्रॉपला जो दणका जाणवतो तो त्या थांबण्यामुळे. ज्या डीजेला हे कळलं आहे तो १०५ वरही गल्ली हलवतो. ज्याला कळलं नाही तो एका गाण्यातून दुसऱ्यात, ९५ वरून १४५ वर अशी उडी घेतो, आणि लोकांचे पाय मागे राहतात. उदगीरच्या वाचकांनी पाहिलेला प्रकार मला बराचसा असाच वाटतो. मधे ११५, १२५, १३५ अशा पायऱ्या ठेवल्या असत्या तर त्या १४५ ला थोडी तरी माणसं हलली असती.

हलगी मिक्समध्ये हलगी असते, हलगीवादक नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चार मात्रांचा एक तुकडा कापून तोच फिरवलेला असतो. गाडीपुढे दोन जिवंत हलग्या चालवल्या आणि डीजेने त्यांच्या लयीला आपली किक जोडली, तर गर्दी पाहून लय चढवणारा माणूस परत मिळेल. त्या माणसाच्या पिढ्यान् पिढ्यांच्या कलेला मिरवणुकीत मानाची जागाही मिळेल. मंडळांनी यंदा हे करून पाहावं.

आणि कृपा करून आवाज वाढवून जोर आणू नका. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५ आहे. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद. ठरावीक दिवशीच सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. मर्यादेची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी आवाजाचं बटण आधीच शेवटच्या टोकाला असेल तर ड्रॉपला वर जायला जागाच राहत नाही. आवाज उतरवून ठेवणारा डीजेच नंतर चढवू शकतो. ज्या गल्लीत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं आहेत, तिथे हे उतरवणं नुसतं संगीताच्या सोयीचं नाही, कर्तव्याचं आहे.

वाचकांना एक काम देतो. पुढच्या मिरवणुकीत ॲपकडे पाहू नका. नाचणाऱ्या एकाच माणसाचे पाय १५ सेकंद मोजा, त्याला चारने गुणा, आणि तेव्हा कोणता प्रकार वाजत होता, रस्ता किती रुंद होता हे लिहून पाठवा. पुढच्या आठवड्यात मात्र नक्की आमेन ब्रेक : १९६९ च्या एका गाण्यातला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा आणि त्यावर उभं राहिलेलं ड्रम अँड बेस.