आलेख जुळला, अंदाज हुकला

डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत दर आठवड्याला प्लेगने किती माणसे दगावली, याची नोंद सरकारदरबारी होती. वीसेक वर्षांनी एडिंबरात दोघांनी हे आकडे गणिताला जुंपले. अँडरसन मॅकेन्ड्रिक हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर; विल्यम करमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात ऐन विशीत दृष्टी गमावलेले. १९२७ मध्ये त्यांनी मांडलेली समीकरणे आजही फ्लू आणि करोनाच्या बहुतेक प्रारूपांच्या मुळाशी आहेत.

लोकसंख्येचे तीन गट पाडायचे: लागण न झालेले, बाधित, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पहिल्या दोन गटांच्या गाठीभेटी जितक्या जास्त, तितकी नवी लागण. यातून निघालेली गोष्ट मात्र मोठी होती. साथ ओसरायला सगळ्यांनाच रोग व्हावा लागत नाही. लागण न झालेले ठरावीक मर्यादेखाली गेले, की रोगाला पुढचे गिऱ्हाईक मिळेनासे होते.

मुंबईचे आकडे सूत्रात चपखल बसले. सतराव्या आठवड्याच्या सुमारास शिखर, आठवड्याला ८९०च्या आसपास मृत्यू, मग उतार.

गोम अशी, की तो प्लेग पसरत होता माणसांच्या गाठीभेटींमुळे नव्हे, तर उंदरांवरच्या पिसवांमुळे. उंदरांची गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. शिवाय मुंबईतला प्लेग उन्हाळ्याच्या तोंडाशी चढायचा आणि पावसाळ्यापर्यंत उतरायचा; त्या ऋतुचक्राला सूत्रात जागाच नव्हती. तरीही आलेख जुळला!

झालेल्या साथीवर रेघ बेतणे वेगळे, पुढचे सांगणे वेगळे. आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल, आयआयटी हैदराबादचे एम. विद्यासागर आणि माधुरी कानिटकर यांच्या ‘सूत्र’ प्रारूपाने एप्रिल २०२१च्या सुरुवातीला भारतातल्या करोनाच्या दुसऱ्या लाटेचे शिखर एप्रिलच्या मध्यावर सांगितले. प्रत्यक्षात ते मेच्या पहिल्या आठवड्यात आले, दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्ण घेऊन. विषाणूचा डेल्टा हा प्रकार फोफावत होता, त्यामुळे संसर्गाचा वेग मोजेमोजेपर्यंत बदलत होता. अशा वेळी शिखराची तारीख जाहीर करणे हे धाडसच.

अमेरिकेत करोनाकाळात अनेक गटांचे अंदाज एकत्र केले गेले. हा सामायिक अंदाज सुट्या प्रारूपांपेक्षा बहुधा सरस ठरला. पण आठवडे जितके पुढचे, तितकी चूक मोठी. तिथे फ्लूच्या हंगामात पुढच्या काही आठवड्यांत किती जण रुग्णालयात दाखल होतील, हे आता एका आकड्यात सांगत नाहीत. किमान-कमाल शक्यतांचा पट्टा देतात, आणि आठवड्यागणिक तो रुंदावत जातो.