समुद्रावरील अवचित लाट

डिसेंबर १९७८ मध्यें 'म्युन्शेन' नांवाचें जर्मन मालवाहू जहाज अटलांटिक महासागरांत २८ माणसांसह नाहींसें झालें. पुढें त्याची एक जीवरक्षक होडी सांपडली. जहाजावर ती पाण्यापासून सुमारें २० मीटर उंच टांगलेली असे. तिला धरून ठेवणाऱ्या खिळी प्रचंड आघातानें वांकल्या होत्या. एवढ्या उंचीवर घाव घालणारी लाट असूं शकेल काय? दर्यावर्दी लोक तशा लाटांच्या हकीकती पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. परंतु पुष्कळ पंडितांना त्या भीतीनें फुगविलेल्या वाटत.

१ जानेवारी १९९५ रोजीं यंत्रानेंच साक्ष दिली. उत्तर समुद्रांतील द्राउप्नेर या नॉर्वेच्या मंचावर पाण्याची पातळी मोजणारें लेसर-यंत्र बसविलेलें होतें. वादळांतील लाटांची 'लक्षणीय उंची', म्हणजे सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची सरासरी, त्या वेळीं सुमारें १२ मीटर होती. त्यांतच एक लाट २५.६ मीटर उंचीची नोंदली गेली.

गणित याचा उलगडा कसा करतें? साधा विचार असा कीं, निरनिराळ्या लाटा योगायोगानें एके ठिकाणीं भेटतात व त्यांची केवळ बेरीज होते. या हिशेबानें लक्षणीय उंचीच्या दुपटीहून मोठी लाट सुमारें तीन हजारांत एक येते. तिपटीहून मोठी मात्र सुमारें साडेसहा कोटींत एक.

परंतु उभट लाटा बेरजेचा नियम काटेकोरपणें पाळीत नाहींत. लाट जितकी उंच, तितका तिचा वेग किंचित् अधिक. त्यामुळें खोल पाण्यावरील एकसारख्या लाटांची रांगहि अस्थिर असते, हें बेंजामिन व फीर यांनीं १९६७ मध्यें दाखविलें. शेजारणींची शक्ति ओढून घेऊन एखादी लाट वाढत जाते. अशा व्यवहारास गणितांत अरेषीय म्हणतात. त्याचें समीकरण झाखारोव्ह यांनीं १९६८ मध्यें मांडलें. १९८३ मध्यें पेरेग्रिन यांनीं त्याचें एक विलक्षण उत्तर काढलें: लाट एकसारख्या रांगेंतून उद्भवते, भोंवतालच्या लाटांच्या तिप्पट होते आणि मागमूस न ठेवतां विरून जाते. २०११ मध्यें प्रयोगशाळेच्या टाकींत तशी लाट प्रत्यक्ष उठविण्यांत आली.

मग कोडें सुटलें काय? टाकींत लाटा एकाच दिशेनें धांवतात. खुल्या समुद्रांत त्या अनेक दिशांनीं येतात व शक्तीची ही ओढाताण मंदावते. म्हणून कित्येक संशोधकांच्या मतें, योगायोगाची भेट आणि उभट लाटांच्या माथ्यांचा स्वाभाविक टोंकदारपणा, एवढ्यानेंच द्राउप्नेरच्या लाटेचा उलगडा होतो.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हे. शक्ति हळूहळू गोळा होऊन लाट उठत असेल, तर समुद्राचें रूप पाहून नाविकांना आगाऊ इशारा देतां येईल. ती योगायोगानें उठत असेल, तर धोका किती एवढेंच सांगतां येईल, वेळ सांगतां येणार नाहीं. आणि मग जहाजच तितकें बळकट बांधावें लागेल. दोन्ही पक्षीं एक गोष्ट मात्र निश्चित ठरली आहे: खलाशांची साक्ष खोटी नव्हती.